फ्रीलान्स सामाजिक पत्रकारिता: एक वॉर्ड धरा

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: डेस्कची नोकरी सोडून मुंबईत सामाजिक विषयांवर फ्रीलान्स लिहिलं तर पोट भरतं का, विषय कुठून मिळतात आणि ओळखपत्र नसेल तर अडतं का.

पोटाचं आधी. नुसत्या मराठी मानधनावर मुंबईतलं घरभाडं निघत नाही. मानधन लेख छापून आल्यावर, आणि बहुतेकदा चार वेळा आठवण केल्यावर येतं. माझ्या ओळखीत जे टिकलेत, ते भाषांतर, शब्दांकन, संस्थांचे अहवाल यावर घर चालवतात. एक पथ्य मात्र पाळा: ज्या संस्थेचे पैसे घेतले, तिच्यावर बातमी करायची नाही. रक्कम किती, कधी मिळणार आणि लेख रद्द झाला तर काय, हे आधी ईमेलवर लिहून घ्या. टीडीएस 10 टक्के कापला असेल तर तो आयकर पोर्टलवर तुमच्या नावावर जमा दिसतोय का, ते बघत जा.

आता विषय. ‘झोपडपट्टीचे प्रश्न’ असा मेल संपादकाला पाठवलात तर उत्तर येणार नाही. एक वॉर्ड धरा आणि तिथे जात राहा. स्टाफ रिपोर्टरला रोजची पानं भरायची असतात, त्याच वस्तीत पुन्हा जायची त्याला सवड नसते. तुम्हाला असते, आणि तेवढ्यावरच तुमचा निभाव आहे. चेंबूरजवळच्या माहूलचंच घ्या. तिथली हवा तब्येतीला धोक्याची असल्याचा राष्ट्रीय हरित लवादाचा निकाल 2015 मध्येच आला होता. तरीही त्यानंतर तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडून तिथली कुटुंबं माहूलमधल्या, रिफायनऱ्यांच्या शेजारच्या इमारतींत पाठवली गेली. पाडकामाचे फोटो सगळ्यांकडे होते. पण ज्याच्या फायलीत तो निकाल आधीपासून होता, त्याची बातमी वेगळी झाली. 2019 मध्ये उच्च न्यायालयाने तिथे जायला नकार देणाऱ्यांना दरमहा 15,000 रुपये भाडं द्यायला सांगितलं. ते कोणाला मिळालं, कोणाचं थांबलं, ही पुन्हा नवी बातमी.

वस्तीत गेल्यावर लगेच मोबाईल पुढे करून बाईट मागू नका. एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाची, योजना असेल तर परिशिष्ट-2 ही झोपडीधारकांच्या पात्रतेची यादी बघायला मागा. झोपडी क्रमांक, नाव, पुरावे आणि शेवटी पात्र की अपात्र. ‘अपात्र’ लिहिलेल्या घरी बसलात की थोड्या वेळात कपाटावरून प्लॅस्टिकची पिशवी उतरते. आत रेशनकार्ड, जुनं वीजबिल, मतदारयादीचा उतारा, कधी सासऱ्यांच्या नावाचा फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र. कागद एकेक करून वाचा, तारखा टिपा. एका कागदावर ‘शेख’ आणि दुसऱ्यावर ‘शेक’, एवढ्यानेही माणूस लटकतो. घरातल्या मावशी काय सांगतायत ते कागद वाचल्यावर नीट कळतं, आणि आपले प्रश्नही सुधारतात. फोटो विचारून काढा, आधार क्रमांक झाकून.

मग माहितीचा अधिकार. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांत. ‘का केलं’ विचारलंत तर टोलवतात. पत्राची प्रत मागा, टिप्पणीची प्रत मागा, फाईल बघायला मागा. उत्तराची मुदत 30 दिवस. नाही आलं तर अपील. म्हणजे अर्ज आजच टाका आणि तोवर दुसरी बातमी करा.

वस्तीतले कार्यकर्ते पहिल्या दिवशी फार उपयोगी पडतात, पण ते आपल्याच माणसांची घरं दाखवतात. दुसऱ्या वेळी एकटे जा, दुपारी, बायका नळावरून मोकळ्या झाल्यावर. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेची, आणि पॉक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात, मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. नाव बदललं आणि गल्ली, शाळा, बापाचा धंदा लिहिला तर शेजाऱ्यांना कळतंच. डेस्कवर कोणी ‘थोडे डिटेल्स टाका’ म्हणालं तरी देऊ नका.

राहिलं ओळखपत्र. आझाद मैदानावर आंदोलकांशी बोलायला किंवा वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यायला कार्ड लागत नाही. मंत्रालयात इतरांसारखा प्रवेशपास काढून जाता येतं. अधिस्वीकृतीच्या, म्हणजे पत्रकार म्हणून सरकारी मान्यतेच्या, मागे आत्ताच लागू नका; नावावर काम जमलं की तो अर्ज करा. संपादकाने कामापुरतं पत्र दिलं तर फारच उत्तम, पोलीस बंदोबस्तात ते बरं पडतं. पैसे घेऊन ‘प्रेस’चं कार्ड आणि गाडीला लावायचा स्टिकर देणारे बरेच भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका, वस्तीतली पोरंसुद्धा ते कार्ड लांबून ओळखतात.