आफ्टरनून टी आणि हाय टी: आईबाबांना नेण्याआधी

जूनमध्ये आईबाबा लंडनला येताहेत, त्यांना 'हाय टी'ला न्यायचंय आणि आई अंडंही खात नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. मी अठरा वर्षं उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये राहते, त्यामुळे आधी नावाचा घोळ सोडवते.

तुम्हाला हवाय तो आफ्टरनून टी, म्हणजे दुपारी चहाबरोबर सँडविच, स्कोन (छोटा गोल, पावासारखा भाजलेला पदार्थ) आणि केक. आपल्याकडच्या हॉटेलांनी त्यालाच हाय टी म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव रुळलं. खरा हाय टी म्हणजे गिरणीतून, खाणीतून दमून आलेल्या माणसांचं संध्याकाळचं जेवण: पाय (pie, पिठाच्या आवरणात सारण भरून भाजलेला पदार्थ), थंड मांस, ब्रेड, चीज आणि कडक चहा. इकडे उत्तरेत बरेच जण अजूनही संध्याकाळच्या जेवणाला नुसतं 'टी' म्हणतात. आमच्या पहिल्याच वर्षी शेजारच्या आजींनी साडेपाचला टीला बोलावलं. चहा-बिस्किटं असतील म्हणून आम्ही घरून खाऊन गेलो. त्यांनी आमच्यासाठी मुद्दाम बिनमांसाचा बटाट्याचा पाय, मटार, वर पुडिंग असा बेत केला होता. त्यांच्या कष्टाचं अन्न पानात टाकून उठताना लागलेली रुखरुख अजून आहे.

आफ्टरनून टी मोठ्या घरांतला. १८४० च्या सुमारास श्रीमंतांकडे रात्रीचं जेवण आठच्या पुढे गेलं होतं आणि दुपारचं खाणं अगदी हलकं असे. बेडफर्डच्या डचेस (ड्यूकच्या पत्नी) ॲना मरिया यांना चार-पाचच्या सुमारास गळून गेल्यासारखं व्हायचं. वोबर्न ॲबी या आपल्या वाड्यात त्या खोलीतच चहा आणि ब्रेड-बटर मागवू लागल्या, मग मैत्रिणींना बोलावू लागल्या, अशी हकीकत सांगतात. त्याआधी दोनेकशे वर्षं चहा इथे होताच, पण दरबारात तो रुजवण्याचं श्रेय कॅथरीन ऑफ ब्रॅगान्झा या पोर्तुगीज राजकन्येला देतात. १६६२ मध्ये तिचं इंग्लंडचा राजा दुसऱ्या चार्ल्सशी लग्न झालं. मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली ती याच लग्नात! बाबांना इतिहासाची आवड असेल तर चहा येईपर्यंत हे जरूर सांगा.

आता आईंचं. बुकिंग करतानाच 'शाकाहारी, अंडं नाही, जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला घट्ट करणारा पदार्थ) नाही' असं लेखी कळवा. नुसतं शाकाहारी म्हटलंत तर अंड्याचं सँडविच हमखास येतं, केकमध्ये अंडं असतं, स्कोनवर चकाकीसाठी अंडं फासलेलं असू शकतं. ऐनवेळी सांगितलं तर बिचाऱ्यांना काकडीच्या सँडविचवर भागवावं लागेल. ते मात्र सुरेख असतं: कडा कापलेला पांढरा ब्रेड, पाव ओला होऊ नये म्हणून लोणी, आणि कागदासारख्या पातळ चकत्या.

तिमजली स्टँड आला की सँडविच आधी, मग स्कोन, शेवटी केक. स्कोन गरम असतानाच हाताने उघडा. त्यावरचं क्लॉटेड क्रीम आईंना लगेच ओळखू येईल, दूध मंद तापवून, निववून काढलेली दाट सायच ती. इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या दोन शेजारी परगण्यांत यावरून वाद आहे: डेव्हनमध्ये आधी क्रीम मग जॅम, कॉर्नवॉलमध्ये उलट. या वादात मी कॉर्नवॉलच्या बाजूने. गरम स्कोनवर क्रीम आधी लावलं की वितळतं.

चहा उकळलेला नसतो. पानं किटलीत मुरतात, दूध वेगळं येतं. बाबांना आपला चहा लागत असेल तर आसाम मागवा आणि चार-पाच मिनिटं किटलीला हात लावू नका. दार्जिलिंगमध्ये दूध घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

साडेतीनची वेळ घ्या आणि दुपारचं जेवण टाळा. काही जुन्या हॉटेलांत जीन्स, स्पोर्ट शूज चालत नाहीत, तेवढं आधी बघा. आईंनी छान साडी नेसावी. आणि केक उरले तर मागायला संकोचू नका, बरीच हॉटेलं डब्यात बांधून देतात.