उत्तर : चिऱ्याचं घर, मोबाईलवरची पॅलेट आणि डब्यातला रंग

तुमची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "हा आपल्याच रांगेतला." गुहागरकडचं आजोबांचं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर, पुढच्या सीझनला होमस्टे सुरू करायचाय, अ‍ॅपवर समुद्राच्या फोटोवरून पॅलेट (एकत्र शोभणाऱ्या रंगांचा संच) काढली, भिंतीवर भलतंच आलं आणि दुकानदार म्हणतो "मोबाईलच्या स्क्रीनचा दोष". आमच्याकडे मालवण तालुक्यात शब्दाला शब्द हेच झालं. फरक इतकाच की तुमची अजून एकच भिंत रंगलीय. पेंटरला दोन दिवस सुट्टी द्या आणि हे वाचा.

हेक्स कोड, आरजीबी (स्क्रीनवरचा रंग आकड्यांत लिहायच्या पद्धती) वगैरे तुम्हाला येतंय हे दिसतंच आहे, ते उगाळत नाही. मी रंगतज्ज्ञ नाही, कुठल्या कंपनीशी संबंध नाही. आमच्या घरापुरतं आणि नंतर ओळखीच्या दोन-तीन घरांपुरतं जे कळलं तेवढंच लिहितेय.

पहिली गोष्ट, सुरुवात समुद्रावरून का केलीत? समुद्र काही तुमच्या भिंतीला लागून नाही. चिरा, कौलं आणि तांबडी माती हे तीन रंग आधीच ठरलेले आहेत आणि रंगवलेल्या भागापेक्षा त्यांचीच जागा जास्त आहे. अ‍ॅपला हे कळत नाही, ते पाच सारख्या पट्ट्या दाखवतं. कूलर्ससारख्या पॅलेट जुळवायच्या साधनात एखादी पट्टी लॉक करून बाकीच्या बदलता येतात. तिथे चिऱ्याचा रंग लॉक करा आणि मग स्पेसबार दाबत बसा.

पण चिऱ्याचा रंग घेणं वाटतं तितकं सोपं नाही. एक चिरा अगदी जवळून बघा. भोकं काळपट, त्यांच्या कडेला पिवळट माती, मधे जांभळट तपकिरी कवच, कुठे पांढुरका ठिपका. आयड्रॉपर (फोटोतला रंग उचलायचं साधन) एका पिक्सेलवर टेकला तर यातलं काहीही हाताला लागतं. म्हणून फोटो आधी ब्लर करा, किंवा जिंप या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कलर पिकरचं "सॅम्पल अ‍ॅव्हरेज" चालू करून त्रिज्या मोठी ठेवा. फोटो काढताना चिऱ्याला टेकवून एक कोरा कागद ठेवायचा आणि स्नॅपसीड या फोटो अॅपमधल्या व्हाइट बॅलन्सचा (पांढरा पांढराच दिसावा म्हणून करायच्या दुरुस्तीचा) ड्रॉपर आधी त्या कागदावर टेकवायचा, कारण माडांच्या सावलीत कॅमेरा आपल्या मनाने रंग फिरवतो. आमचा कोरडा चिरा ह्यू (रंगचक्रावरची जागा) 16 अंश, सॅच्युरेशन (भडकपणा) 40 टक्के, लाइटनेस (फिकेपणा) 44 च्या आसपास आला. ओला झाला की बराच गडद होतो, तेव्हा पावसातलाही एक फोटो हाताशी ठेवा. जुलैत येणारे पाहुणे ओलंच घर बघणार आहेत.

आता रंगचक्रावर 16 अंशाच्या बरोबर समोर 196, म्हणजे हिरवट झाक असलेला निळा. "कॉम्प्लिमेंटरी" दाबलं की अ‍ॅप हाच हातात ठेवतं, आणि हल्ली किनाऱ्यावरच्या निम्म्या होमस्टेंची दारं-खिडक्या ह्याच रंगाची का, तर म्हणून. (तुमचं एक अ‍ॅप निळा सांगतं आणि दुसरं हिरवा, याचं कारण दोघांची चक्रं वेगळी. आरजीबी चक्रावर तांबड्यासमोर सायन (हिरवट निळा) येतो, चित्रकारांच्या तांबडा-पिवळा-निळा चक्रावर हिरवा. कुठलंच बिघडलेलं नाही.) विरुद्ध रंग पूर्ण ताकदीने शेजारी ठेवले की दोघंही ओरडायला लागतात. आमच्या दाराला नमुन्यादाखल तो निळा लावला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ह्या घर आसा काय फरसाणाचा दुकान?" तोच ह्यू ठेवून सॅच्युरेशन 20 पर्यंत खाली आणलं आणि तो फक्त खिडक्यांच्या झडपांपुरता वापरला, तेव्हा कुठे घर शांत झालं.

शेजारचा रंग काय करू शकतो, याचा जुना किस्सा आहे. पॅरिसच्या गोबलँ विणकाम कारखान्यात शेव्रल नावाचा रसायनतज्ज्ञ रंगाईखात्याचा प्रमुख होता. काळा रंग फिका पडतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हती, शेजारच्या धाग्यांमुळे तो काळा तसा दिसत होता. यावर त्याने 1839 मध्ये अख्खा ग्रंथ छापला. तेव्हा तुमच्या भिंतीचाही न्याय आधी नीट करा. पांढऱ्या पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडा, एकदा भिंतीवर धरा, एकदा शेड कार्डवरच्या (कंपनीच्या रंगनमुन्यांच्या पत्रकावरच्या) तुम्ही मागितलेल्या रंगाच्या चौकोनावर, दोन्ही एकाच उजेडात. भोकातून सारखे दिसले तर दुकानदार निर्दोष आणि खरी भानगड चिऱ्याच्या शेजाराची. वेगळे दिसले तर पुढचं वाचा.

त्याआधी आणखी एक. तुम्ही एचएसएल (ह्यू, सॅच्युरेशन, लाइटनेस) स्लायडरवर लाइटनेस सारखा ठेवून रंग फिरवलेत असं लिहिलंय. तो आकडा डोळ्यांचा नाही, नुसत्या गणिताचा आहे. शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा, दोघांचाही लाइटनेस त्यात 50 येतो, पण प्रत्यक्ष उजळपणा मोजला तर पांढऱ्याच्या तुलनेत पिवळा सुमारे 93 टक्के आणि निळा जेमतेम 7 टक्के भरतो. ब्यॉर्न ओटोसनने 2020 मध्ये मांडलेलं ओकेलॅब आणि त्यावरचं ओकेएलसीएच या रंग मोजायच्या पद्धती डोळ्यांना धरून आहेत. त्यांचे फुकट पिकर (रंग निवडायची साधनं) भरपूर आहेत, तिथे फिरवा. तेही नको असेल तर फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन स्क्रीन ग्रेस्केल करा आणि पॅलेट बघा. भिंत, खांब आणि जोतं तिन्ही एकाच राखाडी रंगाचे दिसले तर संध्याकाळी तुमचं घर सपाट दिसणार. होमस्टेच्या पाटीलाही हीच परीक्षा लावा. हिरव्यावर मरून अक्षरं लिहिणाऱ्यांना काय म्हणावं! तांबडा-हिरवा फरक न कळणाऱ्या माणसाला ती पाटी जवळजवळ कोरी दिसू शकते. वेबसाठी अक्षर आणि पार्श्वभूमीत निदान 4.5 ला 1 इतका कॉन्ट्रास्ट (उजळपणाचं गुणोत्तर) मागतात, रस्त्यावरच्या पाटीला मी तरी 7 च्या खाली जाणार नाही.

आता दुकान. नाव लिहिणार नाही, मेसेज करून विचारलंत तरी सांगणार नाही.

आम्ही स्क्रीनवरून रंग मागितलाच नव्हता. पॅलेट अ‍ॅपवर जुळवली, पण दुकानात जाताना शेड कार्डवरचे कोड लिहून नेले. भिंतींना किंचित करडा पांढरा, जोत्याला आणि पडवीच्या खांबांना कावेसारखा, म्हणजे गेरूसारखा तांबडा. दुकानातलं टिंटिंग मशीन (रंग मिसळायचं यंत्र) मात्र दुसऱ्या कंपनीचं. काउंटरवरचा म्हणाला, "तोच कोड मॅच करून देतो, काही फरक पडत नाही." फरक पडतो. टिंटिंग मशीन रंग तयार करत नाही, बेसमध्ये (डब्यातल्या मूळ रंगात) कलरंटचे, म्हणजे घट्ट रंगद्रव्याचे थेंब सोडतं. फिक्या रंगांच्या बेसमध्ये टायटेनियमचा पांढरा ठासून भरलेला असतो, गडद रंगांना जवळजवळ पांढरा नसलेला बेस लागतो. त्यांच्याकडे गडद बेस संपला होता. हे न सांगता पांढऱ्या बेसमध्येच कलरंट वाढवत नेला. पांढऱ्यात कितीही तांबडा ओता, काव होत नाही. आमचा झाला दाताच्या कवळीचा गुलाबी. परत नेल्यावर त्याने बाटलीने अंदाजे काळा टाकला, काठीने ढवळला आणि वर "सुकल्यावर येईल" म्हणाला. इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) सुकल्यावर थोडं गडद होतं हे खरं, पण गुलाबीचा तांबडा होत नाही. उरलेले डबे त्याने दुसऱ्या दुकानातून करून आणवले. एकाही झाकणावर फॉर्म्युल्याचं (कुठल्या बेसमध्ये किती कलरंट, ते सांगणारं) स्टिकर नाही. पेंटर बिचारा एक डबा संपला की पुढचा फोडत गेला. पडवीचे डावीकडचे खांब एका रंगाचे, उजवीकडचे दुसऱ्या.

मग कंपनीच्या कार्यालयाकडे तक्रार. उत्तर आलं, "स्क्रीनवर दिसणारा रंग व प्रत्यक्ष रंग यांत फरक असू शकतो." अहो, स्क्रीनचं नावही काढलं नव्हतं आम्ही! पुन्हा लिहिलं, तर रंग कोणत्या मोबाईलवर निवडला त्याचं मॉडेल कळवा म्हणे. शेवटी डब्यावरचं स्टिकर मागितलं, आणि ते दुकानाने लावलंच नव्हतं, म्हणजे आमची केस तिथेच मेली. माणूस बघायला पाठवतो म्हणाले. तो येईपर्यंत परांची बांधून ठेवली, तिचं भाडं चढत गेलं, मे महिन्यातले पाहुणे दुसरीकडे पाठवावे लागले, आणि माणसाआधी पाऊस आला. दिवाळीनंतर सगळे खांब घासून पुन्हा रंगवले. रंगापेक्षा मजुरीच जास्त गेली. आजही आठवलं की डोकं तापतं. असो.

तेव्हा माझं मत, आणि यावर कोणी वाद घातला तरी बदलणार नाही. अ‍ॅप रंगांची आपसातली नाती शोधायला उत्तम आहे, डब्याची ऑर्डर द्यायला निरुपयोगी. नातं ठरलं की ज्या कंपनीचं मशीन, त्याच कंपनीच्या फॅन डेकवर (पंख्यासारख्या उघडणाऱ्या रंगनमुन्यांच्या पट्ट्यांवर) जवळचा रंग बाहेर उन्हात उभं राहून निवडा. काउंटरवर बेसचं नाव विचारा, डब्यावर वाचून खात्री करा. सगळे डबे एकदम करून घ्या आणि पेंटरला मोठ्या पिंपात एकत्र कालवायला लावा. तो कुरकुर करेल, करू दे. नमुना भिंतीवर मारू नका, दोन फूट बाय दोन फूट सिमेंट शीटच्या तुकड्यावर दोन हात मारा आणि तो तुकडा सकाळी ओटीवर, दुपारी खळ्यात (अंगणात), रात्री बल्बखाली चिऱ्याला टेकवून बघा. फोनचा "व्हिव्हिड" डिस्प्ले आणि रात्रीचा पिवळा फिल्टर बंद केल्याशिवाय तुलनाच करू नका.

अ‍ॅप आणखी एक गोष्ट लपवतं, तिथे रंग उडत नाही. आपल्याकडच्या उन्हात बाहेरचे भडक जांभळे, गुलाबी, लिंबू पिवळे लवकर उतरतात. काव, पिवडी, तपकिरी हे आयर्न ऑक्साइडचे, ते टिकतात. तळकोकणात आणि गोव्यात जुन्या देवळांतलं कावी काम बघा. पांढरा चुना आणि तांबडी काव, बाकी काही नाही, आणि त्यांना पॅलेटही लागली नव्हती. तुम्ही जोत्याचे खालचे दोन-अडीच फूट काव रंगातच घ्या, कारण पागोळ्यांचं पाणी तांबडी माती तिथवर उडवतंच. क्रीम रंग दिलात तर पहिल्या पावसातच त्याची कळा जाईल. नवीन गिलावा असेल तर तो पुरता मुरू द्या आणि अल्कलीला टिकणारा प्रायमर मारा, नाहीतर रंगावर पांढुरके डाग उठतात. चिरा मात्र रंगवू नका, हात जोडून सांगते.

तुमच्याकडे असलेल्या डब्याच्या झाकणाचा फोटो इथे टाका. स्टिकर असेल तर बेस कोणता ते त्यावर लिहिलेलं असतं, बघून सांगते. नसेल तर बिल घेऊन आजच दुकानात जा आणि फॉर्म्युला मशीनच्या रेकॉर्डमधून प्रिंट करून मागा. उद्यावर टाकू नका.