व्यायामाची अजिबात सवय नसताना सुरुवात केली, तर बरं वाटायला किती दिवस लागतात?

झोप आणि मूड लवकर सुधारतात, कित्येकांना पहिल्याच आठवड्यात. दम वाढायला थोडा वेळ लागतो. सुरुवातीला पोटऱ्या-मांड्या भरून येतात आणि हे दुखणं व्यायामानंतर एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त असतं. बरेच जण नेमके इथेच सोडून देतात, त्याचं फार वाईट वाटतं, कारण तोच व्यायाम पुन्हा केला की दुखणं बरंच कमी होतं.

रोज वीस-पंचवीस मिनिटं भरभर चाललात तर साधारण दोन ते चार आठवड्यांत फरक कळतो. दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबावं लागत नाही. रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे रक्ताचा पातळ भाग, वाढलेला असतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून तेवढ्याच कामाला नाडी कमी धावते. स्नायू भरलेले दिसायला दोनेक महिने तरी जातात. वजनकाट्याकडे आत्ता बघूच नका.

वेग किती? बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. शुगर, बीपी असेल तर सुरू करण्याआधीच विचारून घ्या.