आतड्यात केराटिन आलं कुठून?

प्रश्न : वडिलांच्या मोठ्या आतड्यातल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता. रिपोर्टमध्ये ‘सीके२० पॉझिटिव्ह, सीके७ निगेटिव्ह’ असं लिहिलंय. सीके म्हणजे सायटोकेराटिन, एवढं कळलं. पण केराटिन तर केसांत आणि नखांत असतं; पार्लरमध्येही केसांना ‘केराटिन’ करून देतात. ते आतड्यात कसं आलं? कॅन्सरने तयार केलं का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : नाही, कॅन्सरने ते नव्याने आणलेलं नाही. तुमचे वडील आईच्या पोटात दोन महिन्यांचे होते, तेव्हाच हे केराटिन त्यांच्या आतड्यात दिसू लागलं असणार.

मी मेडिकलच्या मुलांना हिस्टॉलॉजी, म्हणजे शरीरातल्या ऊतींची सूक्ष्म रचना, शिकवते, आणि केराटिन म्हणजे केस-नखं एवढंच डोक्यात घेऊन दर वर्षी नवी मुलं येतात. माणसाच्या शरीरात केराटिनची ५४ जनुकं आहेत. केसांच्या केराटिनमध्ये गंधक भरपूर, म्हणून ते कडक. आतड्याच्या अस्तरातली केराटिनं मऊ असतात आणि जिवंत पेशीच्या आत राहतात : मुख्यतः ८, १८, १९ आणि २० नंबरची. त्यांचे धागे दोन जातींच्या जोडीनेच तयार होतात. एकाच जातीचे कितीही रेणू असले तरी धागा होत नाही. बाजेला जसा सुंभ विणलेला असतो, तसं हे जाळं पेशीला ताण पेलायला मदत करतं. अन्न पुढे ढकलताना आतडं सतत आवळतं आणि सैल होतं, तेव्हा त्याची गरज कळते.

आता गर्भाकडे येऊ. ८ आणि १८ ही जोडी फार लवकर येते. गर्भ गर्भाशयाला चिकटण्याआधीच त्याच्या बाहेरच्या थरात ती असते. २० नंबरचं मात्र उशिरा येतं. त्याला आधी नुसतं ‘प्रोटीन आयटी’ म्हणत. ते केराटिनच आहे, हे जर्मनीतल्या रोलांड मोल आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवून दिलं. आठव्या आठवड्यात गर्भाच्या आतड्यात त्यांना ते सुट्या सुट्या पेशींतच सापडलं. अशा आतड्याचा पातळ काप काचेवर घेऊन रंगवला तर केराटिन तपकिरी दिसतं : निळसर अस्तरात इथे एक तपकिरी पेशी, तिथे एक, मधल्या शेजारणी कोऱ्या. त्याच सुमाराला अस्तरावर विलाय, म्हणजे अन्नरस शोषणारे बारीक उंचवटे, घडायला लागतात. आधी जठराकडच्या बाजूला, मग खाली खाली. पुढच्या महिन्यांत म्यूकस तयार करणाऱ्या बहुतेक गॉब्लेट पेशींत आणि कमी-अधिक शोषक पेशींत हे केराटिन पसरतं.

मला यातलं सगळ्यात आवडणारं पुढेच आहे. तो क्रम जन्मानंतरही थांबत नाही. अस्तरातल्या खोलगट क्रिप्टच्या तळाशी नव्या पेशी जन्मतात. त्यांच्यात ८ नंबरचं असतं, २० नंबरचं नसतं. वर सरकत, पक्व होत गेल्या की २० नंबरचं येतं आणि साधारण तीन ते पाच दिवसांत त्या झडून जातात. आत्ता, तुम्ही हे वाचत असतानाही, तुमच्या पोटात हेच चालू आहे.

ही केराटिनं किती गरजेची, ते उंदरांत दिसलं. ८ नंबरचं जनुक काढून टाकल्यावर एका वाणाची बहुतेक पिल्लं गर्भातच मेली. दोष वारेत (प्लॅसेंटात) होता, असं पुढे कळलं. दुसऱ्या वाणाची काही जगली, पण त्यांच्या मोठ्या आतड्याला सूज आली, अस्तर बेसुमार वाढलं आणि जुलाब लागले.

तर तुमचा रिपोर्ट. गाठीच्या पेशी बिघडल्या तरी आपल्या मूळ घराण्याचं केराटिन बहुधा सोडत नाहीत. मोठ्या आतड्यात उगम पावलेल्या बऱ्याचशा कॅन्सरांत २० असतं आणि ७ नसतं, त्यामुळे ही गाठ तिथलीच आहे की दुसरीकडून आली, हे ठरवायला पॅथॉलॉजिस्टना मदत होते. पण एकट्या सीके२० वरून निदान होत नाही. ते जठरात, मूत्राशयाच्या अस्तरात आणि त्वचेतल्या, स्पर्श ओळखणाऱ्या मर्केल पेशींतही असतं. रिपोर्टवर ‘सीडीएक्स२’ असेल तर तेही बघा. गर्भात आतड्याला आतडं बनवणारं हे प्रथिन आहे.

‘पॉझिटिव्ह’ या शब्दाने मात्र घाबरू नका. आजार किती पसरलाय, हे त्या ओळीत लिहिलेलं नसतं. त्यासाठी सर्जनना थेट विचारा : ग्रेड (पेशी किती बिघडल्यात) कोणती, गाठ भिंतीत किती खोल गेली आहे, स्कॅनमध्ये लिम्फ नोड आणि यकृत कसं दिसतंय. वडिलांना बरोबर घेऊनच जा, त्यांनाही हे ऐकायचं असेल.