वाचकांचे प्रश्न : नामिबच्या किनाऱ्यावर गाड्यांचा ताफा

प्रश्न : आम्ही दारव्हा तालुक्यातील सात मित्र आहोत. चौघे शेतकरी, दोघे शिक्षक आणि एकाचे कृषी केंद्र आहे. भर पावसात पांदण रस्त्यावरच्या काळ्या चिखलातून गाडी काढण्याची आम्हा सर्वांना सवय आहे. येत्या मे महिन्यात, मशागत आटोपून पेरणीची वाट पाहत असताना, आफ्रिकेतील नामिबियात जाऊन तीन फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या) गाड्या भाड्याने घ्याव्यात आणि वॉल्व्हिस बेपासून ल्युडेरिट्झपर्यंत समुद्रालगतच्या वाळवंटातून तंबूत मुक्काम करीत जावे, असे ठरत आहे. या वाटेवर वाटाड्या सक्तीचा असल्याचे कळते. अनुभव असताना हा खर्च टाळता येईल काय? पाणी, डिझेल, ऊन आणि सॅटेलाइट फोन यांविषयीही सांगावे.
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : वाटाड्याचा खर्च टळणार नाही, आणि तो टाळण्याचा विचारही करू नये. आपण सांगता त्या दोन बंदरांच्या मध्ये रस्ता नाही, गाव नाही आणि पेट्रोल पंपही नाही. उत्तरेकडचा मोठा भाग नामिब-नौक्लुफ्ट राष्ट्रीय उद्यानात मोडतो आणि तेथे परवानाधारक सहलचालकाच्या ताफ्यातूनच जाता येते. ल्युडेरिट्झजवळ १९०८ साली हिरे सापडल्यावर तेव्हाच्या जर्मन वसाहत सरकारने दक्षिणेचा विस्तीर्ण पट्टा लोकांसाठी बंद केला. २००८ साली त्याचेही राष्ट्रीय उद्यान झाले, तरी तेथे मनमानी शिरता येत नाही. म्हणून पद्धत अशी आहे की वाटाड्याची गाडी पुढे चालते, तिच्या मागोमाग आपण आपापल्या किंवा भाड्याच्या गाड्या स्वतः चालवीत जायचे आणि सहलचालकाचाच एक माणूस शेवटच्या गाडीत असतो. वाटेत चकाकणारा खडा दिसला तरी खिशात टाकू नका. परवान्याशिवाय कच्चा हिरा जवळ बाळगणे हा तेथे गुन्हा आहे.

आता चिखलाच्या अनुभवाविषयी. तो काही ठिकाणी उपयोगी पडेल, पण सुरुवातीला आडवाच येईल. आपल्या पांदणीत चाक फिरत राहिले तर पुष्कळदा वरचा गाळ उडून खालची घट्ट जमीन किंवा मुरूम लागतो आणि गाडी निघते, त्यामुळे फसल्याबरोबर अ‍ॅक्सिलरेटर दाबण्याची पायाला सवय झालेली असते. कोरड्या वाळूला असा तळ नसतो. फिरणारे चाक स्वतःचाच खड्डा खोल करीत जाते आणि काही क्षणांत गाडीचे पोट वाळूवर टेकते. मग चारही चाके फिरली तरी उपयोग नाही. म्हणून गाडी थबकते आहे असे वाटताच पाय उचलावा, आपल्याच चाकोरीतून सरळ मागे यावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. तेवढ्यानेही जमले नाही, तर खाली उतरून फावड्याने चाकांपुढची वाळू मोकळी करणे आणि चाकाखाली फळ्या सरकवणे हाच कमी कष्टाचा मार्ग आहे.

वाळूतील निम्मे यश टायरच्या हवेत असते. सडकेवर ३० ते ३५ पीएसआय हवा असते. वाळूत शिरण्यापूर्वी ती १५ ते १८ पर्यंत उतरवतात. व्हॉल्व्हमधून हवा सुटू लागली की टायरच्या बाजूला हळूहळू फुगवटा येतो, जमिनीला टेकलेला भाग पुढेमागे लांबत जातो आणि गाडीचा भार लांबट पट्ट्यावर पसरतो. गाडी फारच फसली तर आणखी थोडी हवा सोडता येते, मात्र १२ च्या खाली गेल्यास झटक्याच्या वळणावर टायर रिंगवरून निसटण्याचा धोका असतो. हवा कमी असताना वेग आवरावा, आणि कठीण जमीन लागताच कॉम्प्रेसरने हवा पुन्हा भरावी. हा कंटाळा कोणीही करू नये, कारण कमी हवेच्या टायरवर खडीच्या रस्त्याने पळणारी गाडी उलटायला फार वेळ लागत नाही. ब्रेक दाबून थांबले की चाकांपुढे वाळूचा ढीग साचतो, म्हणून पाय उचलून गाडी आपोआप थांबू द्यावी, आणि तीही शक्यतो उतारावर, म्हणजे पुन्हा निघणे सोपे जाते. टेकडी चढायची तर सरळ आणि उतरायची तरीही सरळ. वाऱ्याच्या आडोशाची बाजू ३० अंशांहून अधिक तिरपी असते. तेथे गाडी आडवी झाली तर तिला सावरणे कठीण. लो गिअरमध्ये, ब्रेकला न शिवता, वाळूबरोबर खाली घसरत यायचे असते. काही टेकड्यांवर अशी वाळू सरकताना खोल गुणगुणण्यासारखा आवाज येतो. इंजिनात बिघाड झाला, असे समजून घाबरू नये.

आपला काळ्या मातीचा डोळा खरा कामी येईल तो मिठाच्या सपाट पट्ट्यांवर. ते वरून पांढरे, कोरडे आणि पक्के दिसतात, पण पापुद्रा फुटला की खाली करडा, ओला चिखल असतो. वरून वाळलेल्या आणि आतून ओल्या शेतात ट्रॅक्टर घालायचा की नाही हे ज्याला कळते, त्याला ही जमीनही लवकर कळेल. अशा ठिकाणी वाटाड्याच्या चाकोरीबाहेर एक हातही जाऊ नये. कठीण खडीच्या मैदानांवर चाकोरी सोडू नये याचे कारण मात्र वेगळे आहे: तेथे गाडी फसत नाही, परंतु दगडफुलासारखा जो थर जमिनीला धरून असतो तो चाकाखाली मोडतो आणि चाकांच्या खुणा कित्येक दशके तशाच राहतात.

या वाटेवर लांगेवांड नावाचा एक टप्पा आहे. तेथे उंच वाळूच्या टेकड्या थेट समुद्रात उतरतात आणि गाड्यांना केवळ ओहोटीच्या वेळी, पाणी आणि वाळू यांमधल्या ओल्या पट्टीवरून जाता येते. मध्ये थांबून छायाचित्रे काढण्याची सोय नसते. किनाराही स्थिर नाही. १९०९ साली धुक्यात वाळूवर चढलेले ‘एदुआर्ट बोलेन’ हे जर्मन जहाज आज पाण्यापासून काहीशे मीटर आत, कोरड्या वाळूत उभे आहे. तेव्हा कोणाच्या मोबाइलमधली जुनी वाट आजही तशीच असेल असे धरून चालू नये.

उन्हाबद्दल आपली समजूत बदलावी लागेल. मे महिन्यात यवतमाळात आपण ४४-४५ अंशांत असाल, तर त्या किनाऱ्यावर आपल्याला स्वेटर लागेल. बेंग्वेला या थंड सागरी प्रवाहामुळे तेथील हवा गार राहते, रात्री दाट धुके येते आणि पाऊस मात्र जवळजवळ पडत नाही. किनाऱ्यावर वर्षभरात सरासरीने २० मिलिमीटरसुद्धा पाऊस होत नाही. आपल्याकडे एका मुसळधार दिवसात त्याहून अधिक पडतो. सकाळी तंबूचे कापड आतूनही ओले असते आणि बाहेर सोडलेले बूट भिजलेले असतात. बूट आतच ठेवावेत, कारण विंचूही आडोसा शोधतात. तेथील हिवाळ्यात, म्हणजे साधारण मे ते ऑगस्टमध्ये, कधीकधी पूर्वेकडून गरम वारा सुटतो आणि वाळू अंगावर येते. अशा रात्री तंबूचे खुंटे वाळूत खोल पुरावेत आणि गाड्या वाऱ्याच्या बाजूला उभ्या कराव्यात.

पाण्याचा हिशेब दर माणशी दररोज किमान ५ लिटर धरावा. सात जणांना सहा दिवसांसाठी २१० लिटर होतात. त्यावर काही राखीव घ्यावे आणि ते तिन्ही गाड्यांत वाटून ठेवावे, एकाच गाडीत नव्हे. आंघोळ विसरावी. वाळूत डिझेल सडकेच्या दीडपटीहूनही अधिक लागू शकते, म्हणून किती न्यायचे हा आकडा वाटाड्याकडूनच घ्यावा. कॅन टपावर रचू नयेत, कारण वरचे वजन टेकडीवर गाडी कलंडवते. भाड्याच्या करारात वाळूतील आणि खाऱ्या पाण्यातील नुकसान विम्यातून वगळलेले असते का, हे आधी वाचावे आणि या वाटेसाठी गाडीमालकाची लेखी परवानगी घ्यावी. तेथेही वाहतूक डावीकडूनच चालते, त्यामुळे ती अडचण नाही. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मात्र काढावा. सॅटेलाइट फोन येथून मुळीच नेऊ नका. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीविना असा फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र बाळगणे बेकायदा आहे आणि विमानतळावरच अडचण होते. तेथे भाड्याने घ्यावा आणि तेथेच परत करावा.

आपण विचारले नाही, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे तेच आहे: तीन गाड्या कोण चालवणार, हे दारव्ह्यातच ठरवून निघा. अशा सहली गाडीच्या दोषाने बिघडतात त्यापेक्षा मित्रांमधल्या चढाओढीने अधिक बिघडतात. प्रत्येक गाडीला एक मुख्य आणि एक पर्यायी चालक असावा, आणि उरलेल्यांनी गाडी टेकडीवर असताना सल्ले देऊ नयेत. हे सर्वांत अवघड जाईल याची मला कल्पना आहे. टेकडीवर एका वेळी एकच गाडी जाते. तिने पलीकडे उतरून वॉकीटॉकीवर ‘वाट मोकळी’ असे कळवल्याखेरीज मागच्याने निघायचे नसते, कारण माथ्यापलीकडे थांबलेली गाडी अलीकडून दिसत नाही. प्रत्येक चालकाने आरशात मागची गाडी दिसते की नाही हे पाहत राहावे, आणि ती दिसेनाशी झाली तर स्वतः थांबावे. म्हणजे पुढचाही थांबतो आणि ताफा तुटत नाही. फसलेली गाडी पट्ट्याने ओढताना दोन्ही चालक सोडून बाकी सर्वांनी पट्ट्याच्या लांबीहून दूर उभे राहावे. पट्टा गाडीच्या नेमलेल्या कड्यालाच अडकवावा. ट्रॉली जोडायच्या गोळ्याला तो बांधला आणि गोळा तुटला, तर तो गोळीसारखा उडतो आणि त्याने माणसे दगावलेली आहेत. गावात ट्रॅक्टरने दोर लावून ओढताना सगळी आळी भोवती जमते, ती सवय तेथे कटाक्षाने सोडावी.

प्रश्न : माझे पती आणि दीर अशाच सहलीला निघाले आहेत आणि सर्व कुटुंबाने यावे असा त्यांचा आग्रह आहे. सोबत बारा वर्षांचा मुलगा आणि चौसष्ट वर्षांच्या सासूबाई असतील. आम्ही शाकाहारी आहोत. आम्ही जावे काय?
— एक वाचक, मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : जावे, परंतु वाळूच्या त्या वाटेने नव्हे. सासूबाईंना पाच-सहा दिवस उघड्यावर, शौचालयाविना आणि दवाखान्यापासून दूर ठेवणे योग्य वाटत नाही. आपण स्वाकोपमुंड गावी मुक्काम करून उत्तरेकडे जावे. मीठ आणि जिप्सम घालून केलेला तिकडचा रस्ता कोरडा असताना उत्तम असतो, मात्र धुक्याने भिजला की साबणासारखा निसरडा होतो. केप क्रॉस येथे हजारो सील एकत्र पाहायला मिळतात. मुलाला आवडतील, वासाची मात्र तयारी ठेवावी. त्याच्याही उत्तरेला उगाब नदीच्या फाटकातून स्केलेटन कोस्ट उद्यानात शिरून स्प्रिंगबोकवासरच्या फाटकाने एका दिवसात बाहेर पडता येते. निघायला उशीर करू नये, कारण दुपारनंतर आत सोडत नाहीत. तेथील टोरा बे हा तंबूचा तळ डिसेंबर आणि जानेवारीतच उघडा असतो. पुरुष मंडळींना टेकड्यांवर गाडी घालायचीच असेल, तर वॉल्व्हिस बेहून सँडविच हार्बरची एका दिवसाची सफर स्थानिक चालकासह करावी आणि तीत आपणही बसावे.

जेवणाची काळजी करू नये. तांदूळ, डाळ आणि भाज्या स्वाकोपमुंडला मिळतात. मसाले, मेतकूट आणि छोटा कुकर सोबत असावा. गॅसचे डबे विमानात चालत नाहीत, ते तेथेच घ्यावेत. शेगडीला वाऱ्याचा आडोसा केला नाही, तर डाळ शिजता शिजत नाही.

प्रश्न : जाण्यापूर्वी वर्धा नदीच्या कोरड्या पात्रात सराव केला तर चालेल काय?
— एक वाचक, वणी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : थोडा उपयोग होईल. नदीची वाळू जाड आणि खाली ओलसर असते, त्यामुळे ती नामिबच्या बारीक, कोरड्या वाळूपेक्षा कमी फसवते; तरी हवा उतरवणे, पाय उचलून थांबणे आणि फावडे-फळीने गाडी काढणे हे तिघाचौघांनी आळीपाळीने करून पाहण्याजोगे आहे. उन्हाळ्यात पात्रात टरबुजाच्या वाड्या असतात आणि काही गावांच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीही पात्रातच असतात. त्यांच्या जवळ गाडी नेऊ नये. ग्रामपंचायतीला आणि तलाठ्याला आधी सांगून ठेवावे, नाही तर पात्रात तीन गाड्या दिसल्या की वाळू चोरायला आल्याचा संशय येणारच.