मॉरिशसवर राज्य इंग्रजांचं, मग बोलणं फ्रेंचसारखं कसं?

प्रश्न : यंदा गणपतीत आमच्याकडे नेरूळला भावजींच्या ओळखीचं मॉरिशसचं एक मराठी कुटुंब आलं होतं. आरत्या सगळ्या तोंडपाठ, पण आपसात फ्रेंचसारखं कायतरी बोलायचे. तिथंपण इंग्रजच होते ना? आणि ते म्हणाले आमच्याकडचा दगड अगदी तुमच्या पारसिकच्या डोंगरासारखा काळा, हे खरं का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : ताई, ती क्रिओल. शब्द बहुतेक फ्रेंच, पण ती घडली गुलामांच्या तोंडी. डच १७१० ला बेट सोडून गेले, १७१५ मध्ये फ्रेंचांनी घेतलं आणि आफ्रिका, मादागास्करहून माणसं धरून आणून राबवली, मालकाची भाषा कानावर पडेल तशी ती बोलायला लागली. डिसेंबर १८१० मध्ये इंग्रज जिंकले, पण शरणागतीच्या करारातच त्यांनी मान्य केलं की लोकांचे कायदे, चालीरीती, धर्म, मालमत्ता जशीच्या तशी राहील. म्हणजे झेंडा बदलला, उसाचे मळे फ्रेंच मालकांकडेच राहिले. खरं उत्तर इथंच आहे, कारण ज्याच्याकडे जमीन त्याच्याकडे काम आणि कामावर त्याचीच भाषा.

पुढे १८३५ ला गुलामगिरी बंद झाली, मळ्यांना माणसं हवी होती म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला लागले, १९२० पर्यंत जवळपास पाच लाख, त्यात मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणातलेही. पोर्ट लुईला, म्हणजे तिथल्या राजधानीत, आप्रवासी घाटावर आजही त्या सोळा दगडी पायऱ्या आहेत, बोटीतून उतरून माणूस त्या चढला की झाला मळ्याचा. मराठी घरात, देवापुढे टिकली, पण उसात शेजारच्या माणसाशी बोलायचं तर क्रिओलच. आपल्या माणसांनी आरती जपली हेच मला फार मोठं वाटतं.

आता दगड. पाहुणे बरोबर बोलले, आणि गोष्ट नुसत्या रंगाची नाही. बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात की साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीखालच्या ज्या तप्त जागेवरून लाव्हा येऊन आपला सह्याद्री, पारसिक सगळं रचलं गेलं, तिच्यावरूनच भारत उत्तरेला सरकत आला, ती मागे राहिली आणि फार नंतर, ८०-९० लाख वर्षांपूर्वी, तिथंच समुद्रातून मॉरिशस वर आलं. शेजारच्या रियुनियन बेटावर त्याच तप्त जागेचा ज्वालामुखी अजून धगधगतोय. पाहुणे परत आले की त्यांना पारसिक हिलवर न्या आणि खाणीनं कापलेला तो काळा कडा जवळून दाखवा.