आधी मुळं रंगव, मग आरएनए काढ

अरे, मायकोरायझावर, म्हणजे मुळं आणि बुरशीच्या भागीदारीवर, काम करायचंय आणि रोप अरॅबिडॉप्सिस? मोहरीच्या कुळातलं ते, आर्बस्क्युलर बुरशीशी (मुळांच्या पेशींत झुडपासारख्या फांद्या, म्हणजे आर्बस्क्यूल, करणारी) त्याचं जमतच नाही. मेडिकॅगो ट्रंकॅट्युला हे शेंगवर्गीय रोप घे, नाहीतर सरळ भात. बुरशी रायझोफॅगस इरेग्युलॅरिस. ती एकटी प्लेटवर वाढवायच्या फंदात पडू नकोस. मेदाम्लं बनवणारी मुख्य जनुकंच तिच्याकडे नाहीत, ती झाडाकडूनच घेते. फॉस्फेट मात्र कमीच ठेव. मी पहिल्या वर्षी हात सैल सोडला: रोपं टवटवीत, मुळं बुरशीविना कोरी, तीन महिने पाण्यात!

आरएनए काढण्याआधी थोडी मुळं पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळून शाई-व्हिनेगरने रंगव, सूक्ष्मदर्शकाखाली बघ. मगच मेडिकॅगोत पीटी४, म्हणजे बुरशीकडून आलेलं फॉस्फेट पेशीत घेणाऱ्या वाहकाचं जनुक, किती चालू आहे ते आरएनएवरून मोज. ते मुख्यतः आर्बस्क्यूल असलेल्या पेशींत चालू होतं. बुरशी नुसती शिरलीय की फॉस्फेटची देवघेवही सुरू झालीय, याचा अंदाज येतो.